भुंग्याला त्रास होता कामा नये

हळू! हळू बसा ना मंडळी, बाकडं करकरतंय… आणि चपला बाहेर! नाही हो, देऊळ नाही हे, लाकडाची वखार आहे, पनवेलच्या बाजारातली, माझीच, या काशिराम शेठची! पण स्वतःच्या वखारीत खोकायचं झालं तर मला रस्त्यावर जावं लागतं. का? वर बघा. ती काळी तुळई दिसते? तिच्यातलं ते गोल भोक, बोट जाईल एवढं? त्यात राहतात आमचे… काय म्हणू… जावईच म्हणा. भुंगा! आणि भुंग्याला त्रास होता कामा नये!

अहो, लाकडाच्या वखारीत भुंगा म्हणजे हलवायाच्या कढईत पाल! दारावर पाटी आहे, मीच रंगवून घेतलेली: 'आमच्या लाकडाला किडा लागत नाही. लागल्यास माल परत.' आणि पाटीच्या मागेच हा बसून भुसा पाडतोय गिऱ्हाइकाच्या टोपीवर! मग मी काय केलं, शिडी लावली, रॉकेलचा बोळा केला, आणि आमच्या काळूरामला, म्हणजे करवतीवरच्या गड्याला, म्हटलं, चढ आणि कोंब आत. तो चढला, बोळा भोकाशी नेला… आणि नेमकी तेव्हाच दारात एका जीपगाडीच्या चाकातली हवा जावी? तुम्हाला सांगतो, चार हात पुढे गेली असती ना, तर ते लोक सोडावॉटरवाल्याकडे शिरले असते आणि मी आज सुखात असतो!

आत आले तीन साहेब. मुंबईच्या कुठल्याशा सरकारी प्रयोगशाळेतले, पाणी मागायला. त्यातल्या चष्मेवाल्यानं वर पाहिलं आणि केवढ्यांदा ओरडला, "थांबा! हात लावू नका!" मला वाटलं, काळूराम पडतोय. छे! काळूराम पडला तर पडू दे. भुंग्याला त्रास होता कामा नये!

हा चष्मेवाला किड्यांचा विद्वान. म्हणतो, "शेठजी, ही मादी आहे बरं का. कोरायचं काम मादीच करते. लाकूड खात नाही हो, पिल्लांसाठी घर करते." म्हटलं, करू दे की घर, पण माझ्या डोक्यावर? दुसरा उंच, पदार्थविज्ञानाचा. त्यानं तुळईला एक डबी चिकटवली, तारा सोडल्या, कानाला काहीतरी लावलं आणि डोळे मिटून कीर्तनात बसल्यासारखा डोलायला लागला. "अहाहा, काय कंप आहेत! शेठजी, करवत बंद ठेवा." करवत बंद! वखारीत! आणि तिसरा यानवाला. रशियानं माणूस आभाळात धाडला ना, तसं आपलंही काहीतरी वर जायचंय म्हणे. ते हलकं हवं, पण मोडायला नको, आणि वर जाऊन दगड कोरायचा तर बोथट न होणारं पातं हवं. "शेठजी, हिचा जबडा बघा! धार लावावी लागत नाही, तेल लागत नाही, कसला पदार्थ असेल तो? आणि एवढी पोखरूनही तुळई छप्पर तोलतेच आहे!" असं म्हणून त्यानं माझीच वजनं दोरीनं तुळईला टांगली, किती वाकते बघायला. खाली माझी गादी! म्हटलं, साहेब, कोसळली तर? तर म्हणे, "तर फार मोलाची माहिती मिळेल!"

बरं, तिघांचं आपसात पटावं? उंचाला ती अखंड कोरत राहायला हवी, चष्मेवाल्याला तिनं विसावा घ्यायला हवा, यानवाल्याला तिचा जबडाच काढून हवा! रोज येऊन भांडणं त्यांची, चहा माझा. एकमत एकाच गोष्टीवर… भुंग्याला त्रास होता कामा नये!

हेही गिळलं असतं हो मी. पण आले उलव्याचे बळीराम पाटील. मिठागरवाले, नवं घर बांधतायत, आढ्यापासून चौकटीपर्यंत सगळं सागवान माझ्याकडून घ्यायचं ठरलेलं. बरोबर त्यांची बायको, भामाबाई. चहा दिला… आणि वरून चिमूटभर भुसा, बरोब्बर भामाबाईंच्या बशीत! त्यांनी बशी पाहिली, तुळई पाहिली, पाटी पाहिली. "शेट, ह्यो काय पडला?"

मी सांगणारच होतो, बाई, ती तुळई आंब्याची आहे, कोणी घेईना म्हणून डांबर फासून वर चढवली, तुमचं सागवान निराळं… तोंड उघडलं, तोच यानवाला म्हणतो, "शेठजी, अगदी याच जातीचं नवं लाकूड मिळेल? गाडीभर घेऊ."

आता तुम्हीच सांगा! आंबा म्हणावं तर वखारीत आंब्याची दुसरी फळी नाही, सरकार जातं, सागवान म्हणावं तर बळीराम जातो. पण बळीरामला मागाहून कोपऱ्यात घेऊन समजावता येईल. सरकारला कुठल्या कोपऱ्यात घेऊ? म्हटलं, "मिळेल म्हणजे काय! हे रचलंय ना सागवान, त्या तुळईची सख्खी भावंडं!" धंद्यात एवढं बोलावंच लागतं हो…

भामाबाई उठल्या. "चला वो! सायबाला भुंगा पायजे, आपल्याला घर पायजे." आणि निघाले दोघं पळस्प्याच्या वखारीकडे! मी हाक मारणार, तर उंचानं ओठावर बोट ठेवलं. "शेठजी, शूऽऽ!" भुंग्याला त्रास होता कामा नये! मी कुजबुजत हाक मारली हो, "बळीराऽम…" पण कुजबुजून कोण थांबतंय?

दुसऱ्या दिवशी धावत उलव्याला गेलो, देवाची शपथ घेतली, म्हटलं, ती तुळई आंब्याची! बळीराम शांतपणे म्हणतो, "काल तुमी सख्खी भावंडा म्हनलात, आज आंबा हाय म्हनता. उद्या बाभूल म्हनाल. आमी कवाचा खरा धरायचा?" संपलं!

बरं, सरकार तरी राहिलं ना? त्यांनी माझ्या सागवानाचे ठोकळे तुळईशेजारी बांधले, बाकीचा माल गाडीत भरून नेला. भोकातल्या बाई बाहेर आल्या, सागवानावर बसल्या, इकडून तिकडे चालल्या… आणि परत आंब्यात! रोज तेच. शेवटी चष्मेवाला पडक्या चेहऱ्यानं म्हणाला, "शेठजी, हे लाकूड तिला पसंत नाही. आमच्या काही उपयोगाचं नाही." आणि पाठवलं की परत, गाडीच्या गाडी! तुम्हाला सांगतो, बापानं वखार काढल्यापासून किडा लागला म्हणून एक फळी परत आली नव्हती. ही आली, किडा लागला नाही म्हणून!

आणि पळस्प्याच्या वखारवाल्यानं पाटी लावलीय: 'आमच्याकडे भुंगा नाही.'

साहेब अजून येतात दर शनिवारी, डबी ऐकतात, चहा पितात. शिडी तिथंच आहे, बोळाही आहे. काळूराम हळूच विचारतो, "शेट, साहेब नाय तवर कोंबू का?" मी वर बघतो… आणि म्हणतो, राहू दे रे. अख्ख्या पनवेलात माझ्या वखारीतलं लाकूड पसंत करणारी तेवढी एकच उरलीय… तिला त्रास होता कामा नये.