बांधलेला हात

(सन २०२२. यवतमाळातल्या एका दवाखान्याची खोली. मेंदूच्या डॉक्टर, आर्णीजवळच्या तांड्यावरची एकवीस वर्षांची ममता आणि तिची आई, म्हणजे तिची याडी, नंदाबाई.)

डॉक्टर : ...तर फिट जिथून सुटते तो उजव्या बाजूचा तुकडा सोमवारी नागपूरला काढायचा. बोलणं बहुतेकांचं डाव्या बाजूला असतं, त्याला धक्का नाही. ममताची सही झाली. मावशी, घरच्यांची म्हणून तुम्ही इथं सही करा.

नंदाबाई : बहुतेकाइचं म्हंता. बाकीच्याइचं?

डॉक्टर : उजव्या हाताच्या माणसांत तसं क्वचित. ममता उजवीच ना? तुम्हीच लिहून दिलंय.

ममता : उजवीच. याडी, सही कर न. मले अंगणवाडीत लागाचं हाय. फिटवालीजवळ कोण लेकरू देते?

नंदाबाई : अन् डावखुऱ्याचं कसं असते, म्याडम?

डॉक्टर : त्यांचं कधीकधी उजव्या बाजूला असतं. का हो?

नंदाबाई : काई नाई.

ममता : पेन धर.

नंदाबाई : थे डावखुरी होती.

ममता : कोण?

नंदाबाई : तू. डाव्या हातानं भाकर धरे. तुही दादी म्हणे, अशीले कोण करून नेईन. म्या त्या हाताले चिंधी बांधली. सहा महिने. रडे, तरी सोडली नाई.

ममता : अन् आज सांगून राह्यली?

नंदाबाई : कागदावर इचारलं कोणता हात. म्या जो केलता तो सांगतला.

डॉक्टर : मावशी, सही राहू द्या. आधी मेंदूची एकेक बाजू औषधानं पाच मिनिटं झोपवू, हिला चित्रं दाखवू. शब्द कुठं आहेत, आठवण कुठं आहे, कळेल.

ममता : उजवीकडं निघाले तं?

डॉक्टर : तर ऑपरेशन नाही. गोळ्या वाढवू. फिट कमी होतील, जाणार नाहीत.

ममता : तू गप राहती याडी, तं सोमवारी सुटली असती मी.

नंदाबाई : अन् मुकी झाली असती तं? मले याडी कोण म्हणलं असतं?

ममता : तुले तुहीच पडली.

नंदाबाई : हव. माहीच पडली.

(तीन वर्षांनी, तीच खोली.)

डॉक्टर : ती तपासणी आठवते?

ममता : उजवी बाजू झोपवली अन् चमचा दाखवला. चमचा दिसे, नाव येच नाई.

डॉक्टर : आता फिट?

ममता : महिन्यातून एखादी. अंगणवाडीत नाई घेतलं. घरी शिलाई करून राह्यली.

डॉक्टर : आई आल्या नाहीत?

ममता : बाहेर बसली. म्हणते, म्याडम पुन्हा काई लिहाले लावन.

डॉक्टर : अजून राग आहे त्यांच्यावर?

ममता : रोज भांडून राह्यली तिच्यासंगं. येतात तेवढे सगळे शब्द वापरून.