किटलीवरचं टोपडं

—छे हो काकू, बाळ नाहीच! सगळे असेच फसले. लग्न नुकतंच झालेलं, पाळी थांबलेली, अंगावर दूध यायला लागलेलं — मग काय, सासूबाई लोकर घेऊन बसल्याच. टोपडं विणून झालं तेव्हा कळलं, गडबड पोटात नाही, डोक्यात आहे. मेंदूच्या खाली मटारच्या दाण्याएवढी ग्रंथी असते म्हणे, तिच्यात गाठ. टोपडं ना? आता चहाच्या किटलीवर घालतो — छान बसतं, गोंड्यासकट.

अहो, घाबरताय काय, साधी गाठ आहे, गोळ्यांनी आक्रसतेय. आत्ताच स्कॅन झाला, आता डॉक्टरीणबाई बोलावतील. खरी गंमत पुढेच आहे. त्या म्हणाल्या, गाठीमुळे एक हार्मोन इतकं वाढतं, की मेंदूच्या या कोपऱ्याचं त्या कोपऱ्याशी बोलणंच कमी होऊ शकतं. सगळ्यांचं होतं असं नाही — पण माझं झालं असावं. शब्द असायचे हो आत, दारापर्यंत यायचे नि तिथेच चपला शोधत बसायचे. हे लग्नाआधीपासूनच चाललेलं असणार, आणि ह्यांची-माझी पहिली भेट नेमकी तेव्हाच! सगळा वेळ मी बशीतली बिस्किटं बघत बसले. ह्यांनी घरी जाऊन सांगितलं, "किती शांत आहे, हीच हवी!"

आता गोळ्या लागू पडल्यात — बघताय ना? तुम्ही फक्त "कितवा महिना" एवढंच विचारलंत! पण घरी मी गप्प. "हं" नि "बरं" — अगदी ठरवून. उद्या हे म्हणाले, मी पसंत केलेली कुठे गेली, तर काय सांगू — गोळ्यांनी आक्रसली? म्हणून भांडी घासताना नळ मोठा सोडते आणि त्याच्याशीच बोलून घेते. आणि आज आत गेल्यावर डॉक्टरीणबाई विचारणार, "काही फरक?" — तेही ह्यांच्यादेखत. नाही म्हणावं, तर उगाच गोळी वाढवतील. हो म्हणावं, तर —

हे ना? चहा आणायला गेलेत, तिथे रांग असते, येतील सावकाश — तुम्ही हसताय का, काकू? आणि माझ्या डोक्यावरून कुठे बघताय?

...अहो! कधी आलात?

काय? नळाचा आवाज तेवढा मोठा नसतो? म्हणजे रोज — रोज ऐकता?

काकू, जरा सरकता का, ह्यांना बसू दे. बसा. तो चहा द्या इकडे. आणि आता मध्ये बोलू नका — माझं अजून संपलेलं नाहीये.