नळावरचा दाखला

आमच्या आत्याला तुम्ही ओळखत नाही. प्लेगच्या साथीत सोलापुरात आमच्या नळावरचा शिपाई टोचल्याचा दाखला बघितल्याशिवाय घागर भरू देईना. आत्याच्या मागं एक धनगरीण उभी होती. ती पुटपुटली, "माज्याकडं कागुद न्हाय की."

आत्या मुलींच्या शाळेत मास्तरीण. शिपायाला म्हणाली, "जरा बाजूला सरा." त्याच्या पाठीमागं म्युनिसिपालटीची नोटीस चिकटवली होती. ती आत्यानं सगळ्या रांगेला खणखणीत वाचून दाखवली: दाखला नाही म्हणून कुणाचंही पाणी अडवू नये. शिपायानं नळ सोडला.

घरी आल्यावर तिनं कनवटीचा एक कागद काढून फडताळात ठेवला. बघतो तर टोचल्याचा दाखला.

"अगं, मग दाखवायचा की."

"आणि मागच्या बाईनं काय दाखवायचं?"