मंगळवारी पेठ रोडला

संजना : 'शांत' काढा अण्णा. दादा कधी शांत होता?

निवृत्ती : वर्षाच्या पुण्यानुमोदनाची पत्रिका हाय ही, पोलिसांचा पंचनामा नाय. गेलेल्या माणसाचं चांगलंच लिहितात. लिही, 'आमचा मुलगा संघर्ष शांत, मनमिळाऊ स्वभावाचा.'

संजना : जेवतानासुद्धा पाय हलवत बसायचा तो. आयटीआय झाल्यावर मोबाइलचं दुकान, मग फोटोग्राफी, मग जिमचं खूळ. आई म्हणायची, ह्याच्या बुडाखाली कुणी निखारा ठेवलाय.

निवृत्ती : पण शेवटी लागला ना ठिकाणाला. पुढं लिही, 'अंबड येथील कंपनीत कायम कामगार.' कायम शब्द ठळक पाहिजे. चौदा वर्षं रोजंदारीवर काढली मी, तेव्हा कुठं एसटीच्या वर्कशॉपात कायम झालो. पोरगं पंचविसाव्या वर्षी झालं. का थांबलीस?

संजना : हे नको लिहायला.

निवृत्ती : का नको?

संजना : खरं नाही म्हणून. तुम्ही बसा ना जरा. मघापासून येरझाऱ्या घालताय.

निवृत्ती : बसवत नाय. सांग काय ते.

संजना : दादानं कंपनी सोडली होती. तो गेला त्याच्या सहा महिने आधी.

निवृत्ती : काहीतरीच बोलू नको. रोज सकाळी सहाला डबा घेऊन निघायचा. कंपनीचा ड्रेस घालून.

संजना : पेठ नाक्यावर त्याच्या मित्राच्या, प्रफुल्लच्या गॅरेजात ड्रेस बदलायचा आणि तिथून पेठकडे. तिकडच्या पाड्यांवर हातपंप दुरुस्त करायचं काम धरलं होतं त्यानं, एका ठेकेदाराकडे.

निवृत्ती : हातपंप.

संजना : हो. म्हणायचा, कंपनीत आठ तास एकच बटण दाबतो, जीव गुदमरतो माझा. तिकडं रोज नवा डोंगर, रोज नवा पंप. पाणी आलं की मला व्हिडिओ पाठवायचा. दुसरं काही नाही, नुसतं पाणी पडतानाचं.

निवृत्ती : (खिडकीशी थांबून) वर्ष झालं, माझ्या डोक्यात एकच चाललंय. अपघात झाला त्या मंगळवारी दुपारी, पाळी संपवून घरी यायचं असताना, पोरगं पेठच्या घाटात काय करत होतं? लोकांना सांगायचो, कंपनीनं कामाला पाठवलेलं. मनात मात्र दारू, पत्ते, कुणाची तरी बायको, सगळं येऊन गेलं. म्हणून कुणाला विचारलं नाय. मेलेल्या पोराची झडती कुठं घ्यायची?

संजना : मला विचारलं असतंत तर सांगितलं असतं. नाही, नसतंच सांगितलं.

निवृत्ती : तुला कधीपासून माहीत?

संजना : पहिल्या दिवसापासून. दिवाळीत तो तुम्हाला सांगणार होता. मीच अडवलं.

निवृत्ती : तू?

संजना : ओझरचं स्थळ आलं होतं ना माझ्यासाठी. त्यांनी पहिलंच विचारलं, मुलीचा भाऊ कायम नोकरीत आहे का. तुम्ही छाती काढून हो म्हणालात. मी दादाला म्हटलं, माझं जमेपर्यंत घाल तो ड्रेस, एवढं कर माझ्यासाठी. त्या मंगळवारी साडेचारला तेच पाहुणे यायचे होते. गॅरेजात ड्रेस बदलायला वेळ मिळावा म्हणून तो घाटात गाडी पळवत होता.

निवृत्ती : त्यासाठी नाय.

संजना : मला समजावू नका अण्णा.

निवृत्ती : समजावत नाय. ऐक. साडेतीनला मी फोन केला त्याला. दोनदा उचलला नाय. तिसऱ्यांदा उचलला, म्हणाला, 'आलोच अण्णा, गेटवर आहे.' आन् मागं कोंबडा आरवला.

संजना : हे तुम्ही कधी बोलला नाहीत.

निवृत्ती : कंपनीच्या गेटवर कोंबडा कुठून येईल? खोटं बोलतोय एवढं कळलं मला. लय राग आला. म्हटलं, 'बहिणीपेक्षा भटकणं मोठं झालं का तुला? अर्ध्या तासात घरात दिसला नाय तर तोंड दाखवू नको.' अर्धा तास म्हटलं मी. त्या पाड्यावरनं नाशिक किती लांब?

संजना : दीड तास. गाडी पळवली तर सव्वा.

निवृत्ती : हां.

संजना : अण्णा, बसा. पाणी आणू का?

निवृत्ती : नको. तुझ्या आईला यातलं काय माहीत हाय?

संजना : काहीच नाही. विहारात गेलीय, येईल आता.

निवृत्ती : आली की सांगू. तू अर्धं सांग, मी अर्धं सांगतो. डबा कुठं खायचा गं तो?

संजना : पाड्यावर भागीबाई म्हणून एक म्हातारी आहे. तिच्या ओट्यावर बसायचा. आईचा डबा तिच्या नातवंडांना, आणि हा तिची नागलीची भाकरी खायचा.

निवृत्ती : घरी नागली म्हटलं की नाक मुरडायचा. पण तुला हे कसं ठाऊक?

संजना : मी जाऊन आले, डिसेंबरात. आईला सांगितलं, आमच्या शाळेत शिक्षकांची मीटिंग आहे. भागीबाईनं मलाच विचारलं, पंपवाला लय दिवस फिरकला नाय, रागावला का काय? त्यांना कुणी कळवलंच नव्हतं.

निवृत्ती : मग काय सांगितलंस?

संजना : बदली झाली म्हणाले. दुसरं तोंडातून निघेना. ती म्हणाली, मग उन्हाळ्यात येईल, पंप तेव्हाच बिघडतो.

निवृत्ती : म्हणजे तिथं अजून वाट बघतायत त्याची.

संजना : हो.

निवृत्ती : उद्या जाऊ. सकाळच्या एसटीनं. तू नुसता रस्ता दाखव, मी बोलतो.

संजना : जमेल तुम्हाला?

निवृत्ती : नाय जमणार. तरी मीच बोलतो. पण पंपवाला, पंपवाला काय म्हणतात, नाव घेत नाय का कुणी?

संजना : नाव माहीतच नाही त्यांना. विचारलं की म्हणायचा, नाव घेऊन काय करता, पाणी आलं ना?

निवृत्ती : मग आधी नाव सांगू.