शब्दकोशाचं अपील

बेळ्ळंदूरच्या ट्रॅफिकचं काय घेऊन बसलात, माझ्या कॉलेजचं ऐका! वर्गात न बसता नुसती परीक्षा देऊन कन्नडचे क्रेडिट मिळणार होते. नियमानुसार शब्दकोश चालतो. तरी पर्यवेक्षक बाईंनी माझा मराठी-कन्नड शब्दकोश काढून घेतला. म्हणे, "मला मराठी येत नाही. यात उत्तरंच लिहिलेली असली तर?"

अर्थातच नापास झालो. डोकंच फिरलं. अपील करायला गेलो, तर ऑफिसातले म्हणे, अपील कन्नडमध्येच हवं. परत मिळालेला शब्दकोश उघडून अख्खा रविवार घासून अपील लिहिलं.

प्राचार्य वाचून खूश झाले. "इतकं छान कन्नड लिहिता, मग शब्दकोश हवाच कशाला?"

"सर, तो बघूनच लिहिलंय!"

त्यांचा चेहरा पडला. "अपिलात शब्दकोश चालतो, असं कुठल्या नियमात आहे?"