राणीला सर्दी होईल

“बंद गॅरेजात इंजिन चालू ठेवू नकोस, तो धूर माणसाला कायमचा झोपवतो,” असं सासूबाई म्हणाल्या, तेव्हा मी हसण्यावारी नेलं होतं. परवा इंजिन ऑइलच्या दुकानात रांगेत माझ्यापुढे आमच्या शेजारचे हार्टविगकाका होते, काउंटरवर दुकानवाली उल्रिके.

“माझ्या स्पोर्ट्स कारला घट्ट ऑइल दे.”

“काका, थंडी पडलीय. पातळ घ्या.”

“राणीला घट्टच लागतं. अर्धा तास तापवतो की तिला!”

“आणि पेट्रोल?”

“सगळ्यात भारीतलं.”

“काकूंचे एवढे लाड केलेत कधी?”

“ती कुरकुरायची. ही गुणगुणते. शेजारी बसून ऐकतो.”

“गॅरेजचं दार उघडं असतं ना?”

“छे! राणीला सर्दी होईल.”

“होऊ दे. औषध मी देते. दार उघडा, काका.”

तुमच्या शेजारी असा कुणी राणीवाला असेल, तर आज त्याच्या गॅरेजचं दार तेवढं बघून या.