बाभूळ आणि कुंदा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष खुशालराव पाटील, बैठकीवर विराजमान थोर मंडळी, पारावर जमलेले समस्त ग्रामस्थ, ओट्यावरच्या आयाबहिणी, आणि ज्यांच्यासाठी हा मांडव घातला ते आपले गायकी, गावचे गुराखी नत्थुजी, सर्वांना या शेषरावाचा रामराम.

नत्थुजींनी तीस वर्षं गावची गुरं राखली. आज उरलेली गुरं घेऊन ते सेमाडोहाच्या रानात निघाले. का निघाले? कोणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो. इथे गुरांना खायला काडी राहिली नाही.

मंडळी, दूरदेशी लढाई पेटली आणि आपल्या कपाशीला भाव आला. कपाशीला जमीन हवी, म्हणून तीन वर्षांमागे याच पारावर सभा भरली. गावकुरणाच्या कडेच्या बाभळी राखाव्यात, की कुरणातलं कुंदा गवत? बोलायला मीच उठलो होतो. बाभूळ काटेरी, सावलीत पीक येऊ देत नाही, वाढायला पंधरा वर्षं घेते. कुंदा कापला की पुन्हा हजर! काय टाळ्या पडल्या! नत्थुजी एवढंच म्हणाले, "शेषरावजी, पावसायात कुंदा, उनायात बाभयीच्या शेंगा. गुराले दोनी लागते. तुमी त्यायची झुंज कावून लावून राहिले?"

आपण हसलो.

बाभळी पडल्या. त्यांच्याच लाकडाचे मोठे नांगर झाले, आणि आठ-आठ बैल जुंपून त्याच नांगरांनी कुंदाही मुळासकट उपटला. पाटीलसाहेब, मान खाली घालू नका. पहिला नांगर आपला होता, दुसरा माझा. आता शिवारभर कपाशी. आज नत्थुजींना फेटा बांधला, तोही कापसाचाच. लाज कशी वाटली नाही आपल्याला? मला सरकीच्या वासानेही शिसारी येते. त्याहून जास्त माझ्या त्या भाषणाची येते.

गायकी निघाला, की ज्याची गाय त्याने गवताची पेंढी तिच्यापुढे धरून तिला निरोप द्यायचा, ही आपली रीत. माझी कपिला या कळपात आहे. रान तिला मानवेल की नाही, परतेल की नाही, ठाऊक नाही. पेंढीसाठी मी पार दर्यापूरपर्यंत हिंडलो. शेवटी आज सकाळी गोठ्याच्या छपरातून ही उपसली. धुराने काळी पडली आहे. नत्थुजींनी हुंगली नि म्हणाले, "आपल्याच कुरनातला कुंदा हाये." कपिलेने मात्र तोंड फिरवलं.

पाहुण्यांनी वेळ दिला, आयाबहिणींनी सकाळपासून चुली पेटवल्या, त्यांचे आभार. बोलण्यात काही चुकलं असेल तर सभेने पोटात घालावं, असं म्हणतात. सभेकडे माझं मागणं नाही. टाळ्या तिनेच दिल्या होत्या. नत्थुजी, तुम्हाला जमलं तर माफ करा. कपिलेने केलेलं नाही.